इंजिनीअरिंग घेतलं म्हणून व्हायोलिन बंद करू नका

अमेरिकेतल्या मराठी घरांत मूल कॉलेजला निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘म्युझिक मेजर नाही ना, मग आता ऑर्केस्ट्रा कुठला?’ पुण्या-मुंबईहून एमएसला जाणारी, ट्रिनिटीच्या व्हायोलिन परीक्षा दिलेली मुलंही हेच धरून चालतात आणि वाद्य घरीच ठेवून विमानात बसतात. वर्षानुवर्षांचा रियाज एका ऐकीव समजुतीपायी थांबतो, याचा मला मनापासून राग येतो.

गैरसमज : विद्यापीठाचा ऑर्केस्ट्रा फक्त संगीत शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी असतो.

वस्तुस्थिती : साफ चूक. ही परंपराच मुळी इतर विषयांच्या विद्यार्थ्यांनी उभी केली. १७०२च्या सुमारास लाइपझिगमध्ये विद्यार्थ्यांचं ‘कोलेगियुम मुझिकुम’ सुरू करणारा संगीतकार टेलेमान तिथे कायदा शिकायला आला होता. त्याच वादकवृंदाची सूत्रं १७२९मध्ये बाखने घेतली. हार्वर्ड-रॅडक्लिफ ऑर्केस्ट्रा आपलं मूळ सांगतो ते १८०८मध्ये विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या ‘पायेरियन सोडॅलिटी’ या संगीतमंडळापर्यंत. टोकियोचं वासेदा विद्यापीठ संगीतशिक्षणासाठी ओळखलं जात नाही. तरी तिथल्या विद्यार्थ्यांच्या ऑर्केस्ट्राने १९७८मध्ये बर्लिनला कारायान प्रतिष्ठानची युवा ऑर्केस्ट्रा स्पर्धा जिंकली. आणि एमआयटीच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात बहुतेक वादक विज्ञान-अभियांत्रिकीचे नसतील, तर कोण असतील?

मग ही समजूत येते कुठून? मिशिगन, इंडियाना अशा विद्यापीठांत संगीताची मोठी, स्वतंत्र महाविद्यालयं आहेत. तिथल्या मुख्य ऑर्केस्ट्रात वादनाचंच शिक्षण घेणारे विद्यार्थी बसतात, हे खरं. पण त्याच मिशिगनमध्ये कॅम्पस सिंफनी ऑर्केस्ट्रा आहे, इंडियानात ऑल-कॅम्पस ऑर्केस्ट्रा आहे. हे इतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठीच चालतात. लोक पहिलं नाव वाचतात आणि चौकशी तिथेच थांबवतात!

दुसरं कारण खुर्च्यांचं. बेथोवनच्या पाचव्या सिंफनीत दोन बासऱ्या आणि एक पिकोलो लागतो. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास मिळून मात्र सहज चाळीस-पन्नास वादक बसतात. त्यामुळे बासरीवाल्या मुलीला जागा मिळत नाही आणि तिच्याच वर्गातल्या व्हिओलावाल्याला मिळते. दोघांचंही मेजर कम्प्युटर सायन्सच असतं. घरी मात्र निरोप जातो, ‘म्युझिकवाल्यांनाच घेतात.’

आणखी काही समज

‘अभ्यास बुडतो.’ तालमी साधारण आठवड्यातून एक-दोनदा, प्रत्येकी दोन-अडीच तास असतात. वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीलाच मिळतं आणि बऱ्याच ठिकाणी क्रेडिटही मिळतं.

‘ऑडिशनला अख्खा कॉन्चर्टो पाठ हवा.’ बहुतेक ठिकाणी एखादं स्केल, तयारीचा एक तुकडा आणि समोर ठेवलेलं नोटेशन वाचून वाजवणं, एवढंच असतं.

‘स्वतःचं वाद्य हवंच.’ व्हायोलिन स्वतःचं लागतं. डबल बास, टिंपनी यांसारखी मोठी वाद्यं सहसा विद्यापीठाची असतात.

‘मागच्या रांगेत बसवणं म्हणजे कमी लेखणं.’ मागच्या डेस्कवरही पुढच्यांचेच स्वर, गज त्याच दिशेने फिरवत वाजवायचे असतात. एकट्याचा ताल चुकला तरी सगळ्या विभागाला ऐकू येतं.

‘हिंदुस्थानी व्हायोलिन येतं, तेवढं पुरे.’ हात तयार असतो, पण तारांची जुळणी वेगळी आणि सगळं वाचून वाजवायचं. नोटेशन वाचायला आधी शिका, मग ऑडिशन द्या.

‘पियानो येतो, म्हणजे जागा पक्की.’ मोझार्ट, बेथोवन, ब्राम्स यांच्या सिंफनींत पियानोच नाही.

ऑडिशन बहुधा सत्राच्या पहिल्या आठवड्यात किंवा त्याआधीच होते. म्हणून प्रवेश नक्की झाला की लगेच विद्यापीठातल्या सगळ्या ऑर्केस्ट्रांची नावं काढा आणि प्रत्येकाच्या नियमात ‘इतर शाखां’बद्दल काय म्हटलंय ते स्वतः वाचा. कंडक्टरला थेट मेल करा. वाद्य, किती वर्षं शिकलात आणि शेवटी काय वाजवलंत ते लिहा. पालकांनो, मुलाच्या सामानात व्हायोलिन भरू द्या. नाही म्हणायचंच असेल, तर ते ऑर्केस्ट्राला म्हणू द्या. आपण आधीच म्हणू नका.