धुराचा हिशेब

पियाज्जोने १९४६ साली इटलीत आणलेली पहिली व्हेस्पा ९८ सीसीची आणि टू-स्ट्रोक होती. त्याच घराण्यातली, १९७२ साली आलेली आपली बजाज चेतकही टू-स्ट्रोकच. २०१२ मध्ये बारामतीच्या कारखान्यातून व्हेस्पा बाहेर पडू लागली ती मात्र फोर-स्ट्रोक होऊन. रूप तसंच, पण मागचा निळसर धूर गेला. तो कुठे गेला, हे विचारत मी बारामती-इंदापुरातली बरीच गॅरेजं पालथी घातली.

आधी एक गैरसमज. फोर-स्ट्रोकमध्ये काहीतरी ‘दुप्पट’ असतं, असं अनेकांना वाटतं. स्ट्रोक म्हणजे दट्ट्याची सिलिंडरमधली एक धाव, वर किंवा खाली. इंजिनाला चार कामं करावी लागतात : ओढणं, दाबणं, पेटणं, फेकणं. फोर-स्ट्रोक प्रत्येक कामाला एक धाव देतं, म्हणजे क्रँकचे दोन फेरे आणि त्यात एकच स्फोट. टू-स्ट्रोक तीच कामं एका फेऱ्यात उरकतं, त्यामुळे दर फेऱ्याला स्फोट. म्हणून त्याच आकारात ते जास्त जोर काढतं (सिद्धांतात दुप्पट, प्रत्यक्षात बरंच कमी). वॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीतली भोकं दट्ट्याच उघडतो आणि झाकतो. मिस्त्रीला रस्त्याकडेला बसून खोलता येईल असं यंत्र.

या साधेपणाची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. दट्ट्या वर गेला की ताजं मिश्रण खालच्या क्रँककेसमध्ये ओढलं जातं, खाली आला की तेच वर ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हाच पंप. मग तिथे फोर-स्ट्रोकसारखं ऑइल भरून ठेवता येत नाही. ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं, लिटरला साधारण २० मिलि, आणि शेवटी जळून सायलेन्सरातून निघतं. शिवाय जळालेला वायू बाहेर जात असतानाच नवं मिश्रण आत येतं, त्यातलं काही न जळताच निसटतं. निळा धूर ऑइलचा, पेट्रोलचा वास या गळतीचा. २००० सालच्या उत्सर्जन मर्यादांनंतर टू-स्ट्रोक स्कूटरींचे दिवस भरले ते याचमुळे.

दिवेघाटाची गोष्ट यातूनच कळते. पुण्याकडे उतरताना जुने चालक मधूनमधून अ‍ॅक्सिलरेटर पिळायचे. पोरांना ती सवय वाटायची, पण कारण पक्कं होतं. गिअरमध्ये उतरताना इंजिन जोरात फिरतं, पण अ‍ॅक्सिलरेटर बंद म्हणजे पेट्रोल कमी, आणि पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. लांब उतारावर दट्ट्या तापून जाम व्हायचा. फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल इंजिनाच्या फिरण्यावर चालतं, अ‍ॅक्सिलरेटरवर नाही.

स्कूटर सुधारली, शेत मागे राहिलं. इंदापूरच्या डाळिंबाच्या बागांत पाठीवरचे पॉवर स्प्रे आणि गवत कापायची यंत्रं अजून पुष्कळशी टू-स्ट्रोक आहेत. कारण रास्त आहे : वजन कमी, आणि खाली ऑइलचा साठा नसल्याने यंत्र वाकडं-तिकडं धरलं तरी चालतं. पण स्कूटरचा धूर मागच्याला जायचा, इथे सायलेन्सर फवारणाऱ्याच्या पाठीशीच असतो, वर औषधाचा तुषार. त्यात ऑइल ‘अंदाजाने’ पडतं. कमी पडलं तर इंजिन जाम होतं आणि नुकसान मालकाचं. म्हणून हात सढळ सुटतो, जादा ओततात, प्लग काळा पडतो, धूर वाढतो. तो धूर मालकाच्या नाही, रोजाने आलेल्या माणसाच्या छातीत जातो. एका बागेत मी विचारलं, माप कुठंय? त्याने ऑइलच्या बाटलीचं झाकण दाखवलं. यंत्राच्या पुस्तिकेत प्रमाण छापलेलं होतं, पण ती पुस्तिका मालकाच्या घरी, कपाटात.