अनुक्रमणिका हातानें लिहूं नये

महाभारताच्या आदिपर्वांत आरंभींच 'अनुक्रमणिकापर्व' येतें. ऋग्वेदांतील सूक्तांचे ऋषि, देवता व छंद सांगणारी कात्यायनाची सर्वानुक्रमणी तर प्रसिद्धच आहे. मोठ्या ग्रंथांत वाचकास वाट दाखविली पाहिजे, हें पूर्वजांनीं ओळखलें होतें.

आम्हीं मात्र घराण्याचा कुलवृत्तांत संगणकावर जुळवितांना हें काम अखेरच्या रात्रीवर ढकललें व पृष्ठांक एकेक पाहून हातानें लिहिले. मागाहून एका शाखेचीं राहिलेलीं छायाचित्रें घातलीं आणि पुढील सर्व मजकूर दोन पानें सरकला. पुस्तक छापून आल्यावर आमच्या वृद्ध आत्याबाईंनीं मोठ्या हौसेनें आपल्या वडिलांची शाखा काढली, तों समोर दुसऱ्याच घराची वंशावळ! "आपलें घर यांत घेतलेंच नाहीं वाटतें," एवढेंच म्हणून त्यांनीं पुस्तक मिटलें.

इनडिझाइनसारख्या पृष्ठमांडणीच्या साधनांत ही चूक सहज टळती. त्यांतील मर्म एवढेंच, कीं साधनास मथळ्याचा अर्थ कळत नाहीं. त्यास दिलेली 'पॅराग्राफ स्टाइल' तेवढी कळते. म्हणून मथळा नुसता मोठा व ठळक करून भागत नाहीं. शाखांच्या मथळ्यांस एक स्टाइल व पोटमथळ्यांस दुसरी, हा नियम पहिल्या पानापासून पाळावा. अनुक्रमणिकेसाठीं आरंभीं पानें राखून ठेवावीं. नाहींतर तिच्याच भरीनें पुढील अंक चुकतात. मग 'लेआउट' मेनूंतील 'टेबल ऑफ कंटेंट्स' उघडून त्या दोन्ही स्टाइली यादींत घ्याव्या. सर्व मथळे पृष्ठांकांसह गोळा होऊन येतात. मथळा व अंक यांमधील टिंबें एकेक टंकित करूं नयेत. अनुक्रमणिकेच्या ओळीच्या स्टाइलमध्यें टॅबला 'लीडर' म्हणून टिंब द्यावें, म्हणजे अंक एका रेषेंत बसतात.

परंतु ही अनुक्रमणिका आपण होऊन बदलत नाहीं, हें विसरूं नये. पान घातलें वा काढलें, कीं तिच्या मजकुरांत कर्सर ठेवून 'अपडेट टेबल ऑफ कंटेंट्स' ही आज्ञा द्यावी लागते. त्या वेळीं तेथें हातानें केलेल्या दुरुस्त्या नाहींशा होतात. सबब नांवांतील चूक मूळ मथळ्यांतच सुधारावी. शेवटीं घरांतील एकानें अनुक्रमणिका वाचावी व दुसऱ्यानें तें तें पान उघडून पाहावें.

आत्याबाईंच्या प्रतींत आम्हीं शुद्धिपत्र चिकटविलें आहे. पण ज्या हौसेनें त्यांनीं पुस्तक प्रथम उघडलें, ती हौस शुद्धिपत्रानें परत येत नाहीं.