एक बाई, दोन मुलाखती

अमेरिकेतल्या गुलामगिरीविषयी आपल्या मुलांना साधारणपणे एक वाक्य माहीत असतं : अब्राहम लिंकननं ती बंद केली. महात्मा फुल्यांनी १८७३ साली आपलं ‘गुलामगिरी’ हे पुस्तक, निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केलं होतं, हेही काही शिक्षक आवर्जून सांगतात. पण गुलाम म्हणून जगणं म्हणजे नेमकं काय, हे सांगायला आपल्याकडे पाठ्यपुस्तकातल्या दोन परिच्छेदांपलीकडे फारसं काही नसतं.

आता ही अडचण बरीच कमी झाली आहे. वॉशिंग्टनमधल्या लायब्ररी ऑफ काँग्रेस या ग्रंथालयानं आपल्या संग्रहातली असंख्य पत्रं, छायाचित्रं, नकाशे आणि वर्तमानपत्रं इंटरनेटवर ठेवली आहेत. ती कुणालाही फुकट पाहता येतात. घटना अनुभवलेल्या माणसांनी किंवा त्या काळानं मागे ठेवलेल्या अशा सामग्रीला इतिहासाची अस्सल साधनं म्हणतात. पूर्वी ती पाहायला संशोधकाला प्रवास करावा लागे. आज तालुक्याच्या गावातला शिक्षकही मोबाइलवर ती उघडू शकतो.

पण ‘अस्सल’ या शब्दामुळे एक गैरसमज होण्याची शक्यता असते. कागद अस्सल आहे म्हणजे त्यात लिहिलेलं खरं आहे, असं मुलं सहज धरून चालतात. हा गैरसमज दूर करायला याच संग्रहातलं एक उदाहरण फार उपयोगी आहे.

मुलाखती कशा जमल्या?

१९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत महामंदी होती. बेकार लेखकांना काम मिळावं म्हणून सरकारनं ‘फेडरल रायटर्स प्रोजेक्ट’ नावाची योजना सुरू केली. या योजनेतल्या लेखकांनी १९३६ ते १९३८ या काळात १७ राज्यांत फिरून, एकेकाळी गुलाम असलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. अशा २३०० हून अधिक मुलाखती जमल्या. १९४१ साली त्यांचे १७ खंड बांधले गेले. १९७२ पासून त्या मोठ्या प्रमाणावर छापून प्रसिद्ध होऊ लागल्या आणि पुढे इंटरनेटवर आल्या.

इथे मुलांना एक हिशेब करायला सांगावा. अमेरिकेतली गुलामगिरी राज्यघटनेच्या १३व्या दुरुस्तीनं डिसेंबर १८६५ मध्ये कायमची रद्द झाली. मुलाखत १९३७ सालची असेल, तर मधे किती वर्षं गेली? ७२. गुलामगिरी संपताना जो दहा वर्षांचा होता, तो मुलाखतीच्या वेळी ८२ वर्षांचा असणार. म्हणजे यातल्या बऱ्याच आठवणी लहानपणच्या आहेत, आणि त्या अतिशय म्हाताऱ्या माणसांनी सांगितल्या आहेत. साधनाची पहिली मर्यादा मुलांना अशी गणितातूनच सापडते.

चार्ल्सटनची सुझन

साउथ कॅरोलायना राज्यातल्या चार्ल्सटन शहरात सुझन नावाची एक वृद्धा राहत होती. १९३७ साली तिच्याकडे दोन वेगवेगळे मुलाखतकार गेले. एकानं तिचं आडनाव हॅमलिन लिहिलं आहे, दुसऱ्यानं हॅमिल्टन. एकानं वय १०४ नोंदवलं आहे, दुसऱ्यानं १०१. यातलं कुठलंही वय धरलं तरी गुलामगिरी संपली तेव्हा ती जाणती बाई होती. दोन्ही मुलाखतींत तिच्या मालकाचं नाव एडवर्ड फुलर असंच आहे.

पहिल्या मुलाखतीत सुझन सांगते, की फुलरसाहेब चांगले होते, धर्मानं वागणारे होते. त्यांच्या बायकोच्या माहेरची माणसंही थोर होती आणि सगळेच आपल्या गुलामांशी नीट वागत. इतर मालकांविषयी विचारल्यावर ती म्हणते, की काही दयाळू होते, काही दुष्ट होते, आजही तसंच असतं. वाईट गोष्टी ऐकल्या खऱ्या, पण खऱ्या-खोट्याचं कुणी सांगावं?

दुसऱ्या मुलाखतीत तीच सुझन वेगळंच बोलते. क्लोरी नावाच्या धोबिणीचं मालकिणीशी भांडण झालं, तेव्हा तिला इतकं मारलं, की ती आता मरणार असं सुझनला वाटलं होतं. रात्री लग्न झालेल्या जोडप्यातल्या एकाला दुसऱ्या सकाळी विकून टाकत. आई, बाप, भाऊ, बहीण कुणालाही न सांगतासवरता विकायला नेत आणि मागे राहिलेल्यांचा आक्रोश रात्रंदिवस ऐकू येई. गोऱ्या लोकांनी इंडियनांना त्यांच्याच भूमीतून हुसकावलं, हेही ती स्पष्टपणे बोलून दाखवते.

बाई एक, शहर एक, साल एक. दोन्ही कागद तितकेच अस्सल. मग असं का झालं?

विचारणारा कोण?

पहिली मुलाखत घेणाऱ्या जेसी बटलर या गोऱ्या बाई होत्या. दुसरी घेणारे ऑगस्टस लॅडसन कृष्णवर्णीय होते. बटलरबाईंनी स्वतःच नोंदवून ठेवलं आहे, की आपण गरिबांना मदत देणाऱ्या सरकारी कचेरीतून आलो आहोत असा सुझनचा समज झाला, आणि तो आपण दूर केला नाही. सुझनला याआधी अशी मदत मिळालेली होती.

आता सुझनच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. वय शंभरावर गेलेलं. दारात गोरी बाई उभी. तिच्या शब्दावर बहुधा आपली मदत अवलंबून. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात शाळा, आगगाडीचे डबे, पाण्याचे नळ असं सगळं वर्णानुसार वेगळं होतं आणि गोऱ्या माणसापुढे परखड बोलणं कृष्णवर्णीयांच्या जिवावर बेतू शकत होतं. अशा वेळी ती जुन्या मालकाविषयी वाईट कशाला बोलेल?

प्रश्नांचं स्वरूपही पाहण्यासारखं आहे. बहुतेक मालक दयाळू होते का, असं बटलरबाई विचारतात. निग्रो आफ्रिकेतून आलेच नसते तर बरं झालं असतं असं वाटतं का, असंही विचारतात. अशा प्रश्नांत उत्तर आधीच सुचवलेलं असतं.

विज्ञानाच्या तासाला आपण हेच शिकवतो. परीक्षानळीत थोडंसं गरम पाणी घेऊन त्यात गार थर्मामीटर बुडवला, तर पाण्याची थोडी उष्णता थर्मामीटरच घेतो आणि तापमान किंचित उतरतं. मोजण्याच्या क्रियेनं मोजायची गोष्टच बदलते. म्हणून आपण थर्मामीटर फेकून देत नाही, त्याचा परिणाम लक्षात घेतो. मुलाखत घेणारा माणूस हाही असाच एक थर्मामीटर आहे.

दुसरी मुलाखत मग शंभर टक्के खरी का? तसंही म्हणता येत नाही. आपल्या माणसाजवळ मन मोकळं करताना एखादी गोष्ट अधिक गडद होऊ शकते. लॅडसन यांनी कोणते प्रश्न विचारले, हे त्यांच्या लेखनात दिसतच नाही. तिथेही सुझन म्हणते, की आपल्या मालकाला गुलाम विकायची इच्छा नसे. म्हणजे ती नुसता राग काढत नव्हती. तिच्यावर भीतीचं दडपण कुठे कमी होतं, एवढं मात्र ठरवता येतं.

इतर कागदांशी ताडून पाहणं

एका साधनाची पारख दुसऱ्या साधनानं करावी लागते. १८६० सालच्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी केली होती. तिच्यात मालकाचं नाव आहे. त्याखाली प्रत्येक गुलामाचं वय, स्त्री की पुरुष आणि वर्ण एवढंच लिहिलेलं आहे, बहुतेक ठिकाणी नावच नाही. त्या वर्षी देशात सुमारे ३९.५ लाख गुलाम होते. आकडा देणारी ही यादी माणसांविषयी गप्प आहे, आणि तिचं हे गप्प राहणंच खूप काही सांगतं.

पळून गेलेल्या गुलामांना शोधण्यासाठी मालक वर्तमानपत्रांत जाहिराती देत. माणूस ओळखू यावा म्हणून ते अंगावरचे वळ आणि डाग यांचं वर्णन करत. आपल्या क्रूरपणाचा पुरावा ते स्वतःच्या हातानं लिहून ठेवत होते. एखादा कागद ज्या हेतूनं लिहिला गेला, त्यापलीकडचंही तो सांगून जातो, हे मुलांना इथे चटकन पटतं.

वर्गात हे कसं करावं?

दोन तासिका पुरतात. वर्गात इंटरनेट असलंच पाहिजे असं नाही. दोन्ही मुलाखतींतले निवडक उतारे मराठीत करून त्यांच्या प्रती काढाव्या. मूळ लेखनात कृष्णवर्णीयांची बोली मोडक्या स्पेलिंगमध्ये लिहिलेली आहे. भाषांतर करताना तिला हसू येईल अशा गावंढळ मराठीचं रूप देऊ नये. या योजनेतले कृष्णवर्णीय संपादक स्टर्लिंग ब्राउन यांनीही उच्चारांच्या नकलेपेक्षा बोलण्याची धाटणी जपा, असं मुलाखतकारांना बजावलं होतं.

अर्ध्या वर्गाला पहिला उतारा द्यावा, अर्ध्याला दुसरा. मुलाखतकार कोण हे सांगू नये. सुझनचं आयुष्य कसं होतं, हे प्रत्येक गटानं पाच ओळींत लिहावं आणि मोठ्यानं वाचून दाखवावं. दोन्ही गट एकमेकांना खोटं ठरवू लागतात. मग ती एकच बाई आहे हे सांगावं आणि पुढचे प्रश्न फळ्यावर लिहावे :

१. बोलणारं कोण, लिहिणारं कोण?
२. घटना आणि नोंद यांत किती वर्षं गेली?
३. काय विचारलं गेलं? काय विचारलंच नाही?
४. खरं बोलल्यानं सांगणाऱ्याचं काय नुकसान झालं असतं?
५. दोन्ही उताऱ्यांत सारखं काय आहे?

यांतला चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एखाद्या मुलाच्या हाती फक्त पहिली मुलाखत पडली, तर गुलामगिरी फारशी वाईट नव्हती, असं तो अस्सल पुराव्याचा हवाला देऊन सांगेल. त्याची चूक काढणंही अवघड, कारण कागद खरोखरच अस्सल आहे. इंटरनेटमुळे असे कागद आता हजारोंनी हाताशी आले आहेत. ते उघडायला शिकवणं सोपं आहे. शंभरी ओलांडलेली एक बाई गोऱ्या पाहुणीपुढे ‘मालक चांगला होता’ असं का म्हणाली असेल, या प्रश्नापाशी मुलांना थोडा वेळ थांबवणं हे शिक्षकाचं काम आहे.