शेवटची जागा नेमकी कोणाची?

मे २०२१मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण सुरू झाले, तेव्हा कोविनवरच्या जागा खुल्या होताच काही क्षणांत संपत. अशा वेळी दोघांनी एकाच क्षणी बटण दाबले आणि जागा एकच उरली असेल, तर ती दोघांनाही दिली जाणार नाही याची काळजी कोण घेते?

वेबसाइटचा सर्व्हर एका वेळी अनेकांची कामे करत असतो. ढोबळमानाने प्रत्येक विनंतीसाठी कामाचा एक वेगळा धागा, म्हणजे थ्रेड, चालतो. समजा, पहिल्या थ्रेडने डेटाबेसमध्ये पाहिले : शिल्लक १. त्याने ती नोंद शून्य करण्याआधीच दुसऱ्यानेही पाहिले : शिल्लक १. दोघांनीही 'नोंदणी झाली' असे कळवले. डोस एक, दावेदार दोन! संगणकशास्त्रात याला 'रेस कंडिशन' म्हणतात. एकट्याने चाचणी घेताना ही चूक सहसा सापडत नाही. गर्दीतच ती डोके वर काढते.

सर्व्हर अनेक असतात, त्यामुळे एकाच सर्व्हरवर कुलूप लावून भागत नाही. बंदोबस्त डेटाबेसमध्येच करावा लागतो. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाहणे आणि लिहिणे एकाच आज्ञेत बांधणे : 'शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच एक कमी कर.' दुसरा मार्ग, काम संपेपर्यंत त्या नोंदीला कुलूप लावण्याचा. तोवर इतरांना थांबावे लागते. पण दोन थ्रेड एकमेकांच्या ताब्यातील नोंदीसाठी अडून बसले, तर दोघेही अडकतात. हाच 'डेडलॉक'. मग डेटाबेस त्यांपैकी एकाचे काम रद्द करतो आणि ते पुन्हा करावे लागते. तिसऱ्या मार्गात प्रत्येक नोंदीला आवृत्ती क्रमांक असतो. लिहिताना तो बदललेला दिसला, तर पुन्हा वाचून सुरुवात करायची. टक्कर क्वचित होते तिथे हा मार्ग उत्तम; झुंबड उडाली की मात्र फेऱ्याच वाढतात.

अशा व्यवहारांचा शास्त्रीय पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या जिम ग्रे यांना १९९८चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

रक्ताची पिशवी असो वा अतिदक्षता विभागातील खाट, प्रश्न हाच असतो. 'जागा संपली' हा संदेश जिव्हारी लागतो खरा. पण दोघांना एकच खाट देऊन एकाला दारातून परत पाठवण्यापेक्षा तो वेळीच दिलेला नकार बरा.