समुद्राचं बोअर होऊ नये म्हणून

आपल्या नारायणगडाच्या भागात माळकरी घरं सोडली, तर आठवडी बाजारातून सुकट-बोंबील आणणारी घरं पुष्कळ आहेत. बाजरीची भाकरी आणि सुकटीची चटणी असली की त्या दिवशीचा भाजीचा प्रश्न मिटतो. ही सुकट पुढंही मिळत राहावी म्हणून समुद्रावर काय करावं लागतं, ते आज बघू.

बोंबील आणि जवळा किनाऱ्याजवळच्या पाण्यात सापडतात. पालघर, मुंबई, रायगडकडच्या कोळी बायका ते उन्हात वाळवतात. या जवळच्या पाण्यात होड्या वाढल्या, इंजिनं मोठी झाली, जाळ्यांची वीण बारीक झाली. जवळा मुळातच एवढासा असतो, पण पापलेटचं पिल्लू जाळ्यात आलं तर ते अंडी घालण्याआधीच संपतं. पापलेटला २०२३ साली आपला राज्यमासा ठरवलं, ते त्याला जपण्यासाठीच.

मग उपाय सांगतात, खोल समुद्रात जा. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंत, राज्याचा १९८१ चा कायदा चालतो. त्यापुढं २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे जवळजवळ ३७० किलोमीटरपर्यंत, मासळीवर हक्क भारताचा आणि नियम केंद्र सरकारचे. तिथं कुपा, माकूल अशी मासळी मिळते. पण तिथं जायचं तर मोठी होडी, डिझेल, बर्फ आणि कित्येक दिवसांचं रेशन लागतं. लहान होडीवाल्याला हे एकट्यानं झेपत नाही. म्हणून २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अशा होड्यांसाठी अनुदान ठेवलं. महिलांसाठी ते ६० टक्क्यांपर्यंत ठेवलं होतं.

पण मैत्रिणींनो, खोल जाण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. विहीर आटली म्हणून आपण बोअर घेतलं. ते आटलं, तर आणखी खोल गेलो. ज्याच्याकडं पैसा, त्यालाच पाणी! समुद्रात असंच होऊ द्यायचं नसेल, तर खोल जाण्याबरोबर राखणंही हवं.

त्यासाठी काही नियम आहेत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि पुष्कळ मासे याच काळात अंडी घालतात. रात्री प्रखर एलईडी दिवे लावून मासळीचे थवे ओढायला २०१७ पासून केंद्राची बंदी आहे. पण नियम मोडणारा एक जण दहा घरांचा वाटा नेतो, म्हणून पहारा हवा आणि मच्छीमार सोसायट्यांचा शब्दही चालायला हवा.

गायरान सगळ्यांचं असतं, पण कुणीच राखलं नाही तर तिथं गवताची काडी उरत नाही. समुद्राचं तेच, आपल्या गावच्या पाण्याचंही तेच. पुढच्या बचत गटाच्या बैठकीत एवढा एक विषय घ्या: आपल्या गावात सगळ्यांचं असं काय आहे, आणि ते राखतंय कोण?