गुरवाचे घर

मराठवाड्यातल्या वाशीतील आमच्या आळीतले गुरवांचे माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचे घर, यंदा उतरवले गेले आणि त्याच्या सागवानी तुळया वखारवाल्याने ट्रॅक्टरमध्ये भरून नेल्या, तेव्हा कोणाला हळहळ वाटली नाही; तेथे आता स्लॅब पडणार म्हणून अभिनंदनाचाच सूर होता.

निजामी अमदानीत अशा घराला आधार असे तो खिदमतमाशचा. देवाची पूजा व दिवाबत्ती करणाऱ्या गुरवाला आणि मशिदीची सेवा करणाऱ्या मुल्लालाही चाकरीपोटी जमीन लावून दिलेली असे, आणि तिचा मुंतखब, म्हणजे हक्काचा सरकारी दाखला, जपून ठेवलेला असे. १९४८ मध्ये ती अमदानी संपली; त्यानंतरच्या चौकश्या, फेरफार आणि कज्जे यांचा इतिहास कंटाळवाणा आहे. तो वकिलांनी आठवावा.

माझ्या मनात ठाण मांडून बसले आहे ते १९९३ नंतरचे दशक. ३० सप्टेंबरच्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर गावे गाढ झोपेत असताना, भूकंप झाला आणि किल्लारी, सास्तूर व भोवतालच्या गावांत हजारो माणसे दगडमातीखाली गाडली गेली. त्या आकांतापुढे वास्तुशिल्पाची चर्चा करणे निर्दयपणाचे होते, हे मान्य. दोन-अडीच हातांच्या भिंतींत आरपार दगड नसत आणि पांढरीच्या मातीचा थर वर्षानुवर्षे वाढून माळवदाचे ओझे असह्य झालेले असे, हेही खरे. परंतु जेथे खांब-तुळयांचा सांगाडा सांध्यांत घट्ट होता, तेथे भिंती ढासळूनही छत पुष्कळदा उभे राहिले, हे पाहूनही 'माळवद म्हणजे मरण' असा सरसकट निकाल लोकांनी देऊन टाकला. दुरुस्तीची व मजबुतीकरणाची योजना होती. तरीही मजबुतीपेक्षा पाडापाडीचा उत्साह दांडगा ठरला. वाशी किल्लारीपासून इतकी दूर, पण भीतीला अंतर कळत नाही. साण्यातून उतरणारा उजेड, वैशाखातला ओसरीचा गारवा, सारे त्या दहा वर्षांत भंगाराच्या भावाने गेले.

इंग्लंडात हॉवर्थ गावी पाद्रीसाहेबांचे घर १९२८ पासून संग्रहालय म्हणून जपले आहे, कारण तेथे ब्राँटे भगिनींनी कादंबऱ्या लिहिल्या. आमच्या गुरवांनी कादंबऱ्या लिहिल्या नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या पहाटे उठून देव तेवढा धुतला. आमच्या जिल्ह्यात तेरचे त्रिविक्रमाचे विटांचे देऊळ शासनाने संरक्षित केले, ते योग्यच झाले. मात्र प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठीच्या १९६० च्या कायद्याचा हात सहसा देवळाच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. देवाची चाकरी करणाऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचायला त्याला सवड होत नाही. घरपट्टीच्या दप्तरात अशा घराचे वर्णन 'दगड-मातीचे' एवढ्या एका शब्दात उरकलेले असते, आणि कर कमी बसतो म्हणून मालकही ते बदलून मागत नाही.