कणगीतला टोका आणि बँकेचा शेअर

जुलैमध्ये लोणावळ्यावर पाऊस कोसळतो आणि वलवणचं धरण काठोकाठ भरतं. टाटांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घाटमाथ्यावर अडवलेलं हे पाणी खाली खोपोलीला सोडून 1915 पासून वीज तयार केली जाते. वीजकंपनीच्या मिळकतीचा अंदाज घेताना यंदा तलावात किती पाणी आलं एवढंच मोजून कुणी थांबत नाही. पाणी येतं आणि जातं. कमाई होते ती विकल्या गेलेल्या विजेतून, तीही यंत्रांची झीज आणि दुरुस्ती वजा जाता. बँकेच्या शेअरची किंमत ठरवताना मात्र भलेभले नेमकी हीच गल्लत करतात. कारखान्यासाठी वापरायचं मुक्त रोख प्रवाहाचं सूत्र उचलून ते जसंच्या तसं बँकेला लावतात. बँकेच्या रोख प्रवाहाच्या पत्रकात ठेवीदाराने ठेवलेली ठेव ही कामकाजातून ‘आलेली रोकड’ असते आणि दिलेलं कर्ज ‘गेलेली रोकड’. त्यामुळे अडचणीत आलेली बँक चढा व्याजदर देऊन ठेवी गोळा करू लागली, की तिचं पत्रक दृष्ट लागेल असं दिसतं. उत्तम कर्जं वाटणारी सुदृढ बँक मात्र कागदावर रोकड उधळताना दिसते. या आकड्यावरून शेअर घेणं म्हणजे पाऊस मोजून वीजबिल काढण्यासारखं झालं.

मग बँकेच्या बाबतीत ‘मुक्त’ रोकड म्हणायचं तरी कशाला? भागधारकाच्या दृष्टीने उत्तर सरळ आहे. नफ्यातून धंदा चालू ठेवण्यासाठी लागणारं भांडवल बाजूला काढल्यावर जे उरतं, जे लाभांश म्हणून देता येतं, ते मुक्त. बँकेचं यंत्र म्हणजे तिचं भांडवल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार जोखीमभारित मालमत्तेच्या किमान 9 टक्के आणि वर अडीच टक्क्यांचा राखीव थर असं एकूण साडेअकरा टक्के भांडवल बँकेजवळ असावंच लागतं. कर्जं वाढली की भांडवलही त्याच प्रमाणात वाढवावं लागतं. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेला इंद्रायणी तांदूळ आता मावळभर पिकतो. पण कोणताही शेतकरी पुढच्या हंगामाचं बी बाजूला काढण्याआधी खायचं भात मोजत नाही. बँकेचं बी म्हणजे भांडवल.

इथवर बहुतेकांना पटतं. घोळ होतो तो महागाई मध्ये आली की. शेतकऱ्याने दहा किलो बी ठेवलं तर पुढच्या वर्षीही त्यातून तेवढंच रान लावून होतं. बँकेचं बी रुपयांत असतं आणि रुपयाच्या कणगीला टोका लागलेला असतो. महागाई 5 टक्के असेल तर गेल्या वर्षी 20 लाखांत होणारं घर यंदा 21 लाखांत होतं. म्हणजे एकही ग्राहक न वाढता, तेवढ्याच घरांना कर्ज द्यायचं तर बँकेचा कर्जाचा आकडा 5 टक्क्यांनी फुगतो आणि भांडवलही 5 टक्क्यांनी वाढवावं लागतं. ही वाढ नव्हे, जागच्या जागी उभं राहण्याचा खर्च आहे. पण नफातोटा पत्रकात तो कुठेच दिसत नाही.

कारखान्यालाही महागाईचा त्रास होतोच, पण त्याच्याकडे निदान वस्तू असतात. तळेगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्याची जमीन, शेड आणि यंत्रं यांच्या किमती महागाईबरोबर चढतात. बँकेकडे जवळजवळ सगळे रुपयांतले हक्कच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण झाल्यावर मावळातल्या जमिनींचे भाव कुठल्या कुठे गेले. त्या जमिनी तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेला त्यातलं काय मिळालं? कागदावर ठरलेली मुद्दल आणि ठरलेलं व्याज. भाववाढीचा सगळा लाभ मालकाकडे गेला. म्हणून बँकेचा जाहीर नफा वाचताना त्यातून आधी भांडवलाची महागाईने झालेली झीज वजा करायची आणि मगच बाकीचं बोलायचं.

एक हिशेब मांडून पाहू. समजा एका बँकेचं भांडवल 1,200 कोटी आहे आणि ती त्यावर 15 टक्के, म्हणजे 180 कोटी नफा कमावते. महागाई 5 टक्के. जागच्या जागी राहण्यासाठी 60 कोटी ठेवावे लागतील, उरले 120 कोटी. हे 120 कोटी आजच्या रुपयांत दरवर्षी मिळत राहतील असं धरलं आणि गुंतवणूकदाराला महागाई सोडून 8 टक्के परतावा हवा असेल, तर बँकेची किंमत 1,500 कोटी होते, भांडवलाच्या सव्वापट. आता दुसरी बँक घ्या. भांडवल तेवढंच, पण नफा 10 टक्के, म्हणजे 120 कोटी. झीज तीच, 60 कोटी. उरले 60 आणि किंमत झाली 750 कोटी. नफा एक तृतीयांशाने घटला, किंमत मात्र निम्मी झाली. सरकारी बँकांचे शेअर वर्षानुवर्षं पुस्तकी मूल्याच्या खाली का रेंगाळले, याचं बरंचसं उत्तर या दोन ओळींच्या गणितात आहे. इथे एक पथ्य पाळायचं. महागाई वजा केलेला प्रवाह घेतला तर परताव्याचा दरही महागाई वजा केलेलाच घ्यायचा. एकीकडे आजचे रुपये आणि दुसरीकडे महागाईसकटचा बारा-तेरा टक्के दर अशी खिचडी केली, की चांगली बँकही कवडीमोल दिसते. उलट केलं तर सामान्य बँकही सोन्याची वाटू लागते.

आता प्रत्यक्ष उदाहरण. पुण्यात मुख्यालय असलेली आणि मावळातही घरोघरी परिचित असलेली बँक ऑफ महाराष्ट्र. प्रा. वामन गोविंद काळे यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांच्या पुढाकाराने 1935 मध्ये तिची नोंदणी झाली आणि 1969 मध्ये राष्ट्रीयीकरण झालं. 2004 च्या सुरुवातीला तिने 23 रुपये दराने 10 कोटी शेअर जनतेला विकले. 2009-10 मध्ये तिचा निव्वळ नफा सुमारे 440 कोटी होता. 2024-25 मध्ये तो सुमारे 5,520 कोटी झाला. पंधरा वर्षांत साडेबारा पट! मथळा इथेच संपतो. हिशेब मात्र इथून सुरू होतो. 2009-10 मध्ये शेअर होते 43 कोटी, 2024-25 अखेर सुमारे 769 कोटी. म्हणजे प्रत्येक शेअरमागे तेव्हा दहा रुपयांच्या थोडा वर नफा होता आणि आता सव्वासात-साडेसात रुपये. आयकर खात्याचा महागाई निर्देशांक 2009-10 मध्ये 148 होता, 2024-25 मध्ये 363. त्या हिशेबाने तेव्हाचे दहा रुपये आजचे जवळपास 25 होतात. शिवाय हा निर्देशांक ग्राहक किंमतवाढीच्या तीन चतुर्थांशच वाढ धरतो, त्यामुळे खरी तफावत याहून मोठी. एकूण नफा साडेबारा पट, शेअरमागचा खरा नफा एक तृतीयांशाहून कमी. दोन्ही आकडे एकाच बँकेचे आणि एकाच काळाचे.

मधे घडलं काय? 2016-17 ते 2018-19 या तीन वर्षांत बँकेला मिळून सुमारे 7,300 कोटींचा तोटा झाला. मार्च 2018 मध्ये ढोबळ थकीत कर्जं 19 टक्क्यांच्या पुढे गेली होती. जून 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर तातडीच्या सुधारणांचे निर्बंध घातले आणि जानेवारी 2019 मध्ये ते उठवले. या काळात सरकारने भांडवल ओतलं आणि त्या बदल्यात नवे शेअर घेतले. सरकारचा वाटा 90 टक्क्यांच्या वर गेला. वर्तमानपत्रांत याला ‘सरकारची मदत’ म्हणतात. जुन्या भागधारकाच्या वहीत मात्र ही वजाबाकी आहे. ओतलेलं भांडवल म्हणजे उणे मुक्त रोकड. ती खिशातून दिली नाही, तर मालकीतून कापली जाते. 23 रुपयांना घेतलेल्या शेअरची क्रयशक्ती टिकवायची तर त्याच निर्देशांकाने 2019-20 मध्ये तो 61 रुपयांवर हवा होता. त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीस तो दहा रुपयांच्या आसपास होता. मधल्या बऱ्याच वर्षांत लाभांश मिळाला हे खरं, आणि जुन्या भागधारकाच्या पदरात नक्की पडलेलं तेवढंच.

यातून ‘दीर्घकालीन’ या शब्दाचं वजन कळतं. 2009-10 चा तो दहा रुपयांचा नफाही तितका निखळ नव्हता. त्या काळात देशभरच्या बँकांनी पायाभूत प्रकल्पांना आणि पोलाद उद्योगाला दिलेली कर्जं तेव्हा नियमित दिसत होती. 2015 मध्ये रिझर्व्ह बँकेने मालमत्तेच्या दर्जाची तपासणी केली, तेव्हा त्यातली किती कुजली होती ते बाहेर आलं. कर्ज दिल्याबरोबर व्याज नफ्यात येतं, बुडीत निघायला पाच-सात वर्षं लागतात. चांगल्या वर्षाचा नफा हा काही अंशी वाईट वर्षाकडून घेतलेली उसनवारी असतो. म्हणून कर्जाचं एक संपूर्ण चक्र, किमान दहा आणि जमल्यास पंधरा वर्षं घ्यायची. प्रत्येक वर्षाचा नफा किंवा तोटा आजच्या रुपयांत आणायचा, भांडवलाची झीज आणि नव्याने घेतलेलं भांडवल वजा करायचं, आणि सरासरी एकूण नफ्याची न काढता शेअरमागे काढायची.

यावर पहिला आक्षेप येतो की महागाई बँकांच्या पथ्यावरच पडते. व्याजदर चढतात, चालू आणि बचत खात्यांवर मात्र बँक नाममात्र देते, त्यामुळे फरक वाढतो. हे अर्धं खरं आहे. अशा स्वस्त ठेवी भरपूर असलेल्या बँकेला, आणि बँक ऑफ महाराष्ट्र त्यातलीच, काही काळ फायदा होतो. पण दर चढले की तिजोरीतल्या सरकारी रोख्यांच्या किमती पडतात आणि कर्जदारांचे हप्ते अवघड होतात. शिवाय जो फायदा होतो तो नफ्यात आलेलाच असतो. आपण तो धरूनच झीज वजा करतो आहोत. दोनदा कशाला मोजायचा?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. एचडीएफसी बँकेने 1995 मध्ये 10 रुपयांना शेअर विकला, त्यानंतर वारंवार नवं भांडवल उभारलं, लाभांश बेताचाच दिला, तरी भागधारकांचं सोनं झालं. या पद्धतीने मोजली असती तर ती कायम महागच वाटली असती. बरोबर, नुसत्या हातात पडलेल्या रोकडीवर थांबलं तर तसंच होईल. त्यासाठी ठेवून घेतलेल्या पैशाचे दोन भाग करावे लागतात. एक महागाईची झीज भरून काढणारा आणि दुसरा खऱ्या वाढीसाठीचा. दुसऱ्या भागावर बँक भागधारकाच्या अपेक्षेपेक्षा जास्त कमावत असेल तर लाभांश न देणं हेच शहाणपण, आणि मूल्य वर दाखवल्याप्रमाणे सव्वापटीवर न थांबता कितीतरी पुढे जातं. कमी कमावत असेल तर वाढ जितकी मोठी तितका तोटा मोठा. पहिल्या भागावर मात्र कुणालाच सूट नाही.

तिसरा प्रश्न मावळातल्या वाचकाला जवळचा वाटेल. सहकारी बँकेच्या शेअरचं काय? कर्ज घेताना ठरलेल्या प्रमाणात शेअर घ्यावे लागतात, त्यामुळे असे दाखले गावोगाव घरात असतात. पण तो शेअर बाजारात विकला जात नाही, परत करताना दर्शनी किंमतच मिळते, गंगाजळीतला वाटा मिळत नाही, आणि राज्याच्या सहकार कायद्याने लाभांशावर 15 टक्क्यांची मर्यादा आहे. महागाई 5 टक्के राहिली तर चौदा वर्षांत मुद्दलाची किंमत निम्मी होते. तिथे टोका सगळा सभासदाच्या कणगीत शिरतो. 10 टक्के लाभांशातला अर्धा केवळ ती झीज भरतो.

बँक ऑफ महाराष्ट्र आज देखणी आहे. मार्च 2025 मध्ये ढोबळ थकीत कर्जं पावणेदोन टक्क्यांच्या आत आली. पण विक्रमी नफ्याच्या त्याच 2024-25 मध्ये तिने भागधारकांकडून 3,500 कोटी नव्याने घेतले आणि त्या वर्षासाठी शेअरमागे दीड रुपया, म्हणजे मिळून सुमारे 1,150 कोटी लाभांश दिला. सगळे भागधारक एकत्र धरले तर त्यांनी घेतलं त्याहून दिलं जास्त. त्याला कारणं आहेत. किमान 25 टक्के शेअर जनतेकडे असावेत या सेबीच्या नियमासाठी सरकारचा वाटा कमी करायचा होता, आणि कर्जंही वर्षभरात 17-18 टक्क्यांनी वाढली होती. यातले पाचएक टक्के महागाईचे सोडले तर उरलेली बारा-तेरा टक्के वाढ कोणत्या दर्जाच्या कर्जांतून आली, ते 2030 च्या आसपासच्या ताळेबंदातल्या तरतुदींच्या ओळीत दिसेल. आजच्या नफ्यातले किती रुपये खरोखर मुक्त होते, तेही तेव्हाच मोजता येईल.